नाव ड्रमवाल्याचं

डिसेंबर-जानेवारीत गेटवेवरून मांडव्याची लाँच सुटली की धक्का पुरता मागे पडायच्या आत कुरव पाठीला लागतात. थंडीपुरते आलेले पाहुणे. लोक वेफर्सचे तुकडे हवेत भिरकावतात आणि हे पक्षी ते वरच्यावर झेलतात. खरी मजा झेलण्यात नाही, तरंगण्यात आहे. लाँचच्या वेगाशी वेग जुळवून, पंख न हलवता, कठड्यापासून हातभर अंतरावर एखादा कुरव नुसता ठेवल्यासारखा असतो. अलिबाग-मुंबई करण्यात माझी बरीच वर्षं गेली, आणि त्या तासाभरासाठी माझी एक धून ठरलेली आहे. इंग्लंडमध्ये १९६८च्या नोव्हेंबरात निघालेली, तीनेक मिनिटांची, शब्दांविना. नाव ‘अल्बाट्रॉस’.

अल्बाट्रॉस आपल्या किनाऱ्यावरचा पक्षी नव्हे. तो प्रामुख्याने दक्षिणेकडच्या थंड महासागरांवरचा; त्याच्यातल्या सर्वांत मोठ्या जातीच्या पंखांचा पसारा तीन मीटरच्याही वर जातो, आणि वारा असला तर तो तासन्‌तास पंख न फडफडवता जातो. ही धून नेमकी तेवढंच करते. ड्रमवर काठ्या नाहीत, तर डोक्याला मऊ गुंडाळी असलेले टोले आहेत. त्यामुळे ठेका आपटत नाही, लाट फुटण्याआधी जशी फुगते तसा फुगतो. बासवर तीच ती छोटी आकृती, आणि खाली जवळजवळ दोनच कॉर्ड आलटून पालटून. त्यावर एक गिटार सावकाश सूर लावते, दुसरी तिच्याबरोबर थोड्या अंतरानं चालते. सूर किती कमी आहेत हे एकदा मोजून बघावं. एवढ्या कमी सुरांवर गाणं पहिल्या क्रमांकावर नेणारा गिटारवादक तेव्हा बावीस वर्षांचा होता. त्याचं नाव पीटर ग्रीन, आणि बँडचं नाव फ्लीटवुड मॅक.

हे नाव ऐकल्यावर बहुतेकांच्या डोळ्यांसमोर १९७७चा ‘रूमर्स’ हा अल्बम येतो. स्टीव्ही निक्सचा घोगरा आवाज, लिंडसे बकिंगहॅमची गिटार, दोन जोडप्यांची भांडणं आणि चार कोटींच्या घरातला खप. माझंही तेच झालं होतं. काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमध्ये (२०१६ साली ते बंद झालं) मी या बँडची एक जुनी कॅसेट उचलली ती ‘रूमर्स’सारखं काही असेल या समजुतीनं. घरी येऊन लावली तर वेगळेच लोक. ना बाईचा आवाज, ना गोड समूहगान. त्याऐवजी शिकागोच्या गल्लीतून आल्यासारखी कर्कश स्लाइड गिटार, आणि मध्येच कुणीतरी अगदी हळू, अगदी एकटा वाजवतोय. कॅसेट चुकीची भरली गेली असावी असं वाटून मी वेष्टन दोनदा वाचलं होतं.

कॅसेट बरोबर होती. नाव तेच होतं, माणसं दुसरी होती. आणि नाव तेच का राहिलं, ही या बँडची सर्वांत विलक्षण गोष्ट आहे.

आमच्याकडे हळदीला, होळीला, देवाच्या पालखीला बेंजो लागतो. बेंजो म्हणजे खरं तर बुलबुलतरंग, टाइपरायटरसारखी बटणं असलेला; त्याला पिकअप लावून अ‍ॅम्प्लिफायरला जोडतात. पण ‘बेंजो सांगितलाय’ असं म्हटलं की त्यात ढोल, ताशे, कीबोर्ड, ऑक्टोपॅड सगळं आलं. सूर वाजवणारा तो मास्टर. टाळ्या त्याला, बक्षिसाच्या नोटा त्याच्या खिशाला. पण पार्टीचं नाव मास्टरचं क्वचितच असतं. ते गावदेवीचं असतं नाहीतर मालकाचं. कारण मास्टर आज इथे, पुढच्या सीझनला रोह्याच्या पार्टीत. नाचणाऱ्यांना तसाही धरून ठेवतो तो ढोल.

पीटर ग्रीनला हे विशीतच कळलेलं होतं. १९६७ साली त्यानं स्वतःचा बँड काढला तेव्हा लंडनमध्ये गिटारवादकांना देवत्व येऊ घातलं होतं. एरिक क्लॅप्टन हा देव आहे अशी अक्षरं भिंतींवर रंगवली जात होती. रिवाजाप्रमाणे बँडला ग्रीनचंच नाव मिळायचं. त्यानं नाव दिलं ड्रमर मिक फ्लीटवुड आणि बासवादक जॉन मॅकव्ही यांचं: फ्लीटवुड आणि मॅक. गंमत म्हणजे मॅकव्ही तेव्हा बँडमध्ये आलेलाही नव्हता. त्याला जॉन मेयॉलच्या बँडमधला बांधलेला पगार सोडवत नव्हता, म्हणून पहिले काही दिवस बॉब ब्रनिंग नावाच्या बदली माणसानं बास वाजवला. १३ ऑगस्ट १९६७ला विंडसरच्या महोत्सवात हा बँड पहिल्यांदा लोकांपुढे आला तो निम्म्या नावासह. उरलेलं निम्मं नाव त्या वेळी दुसऱ्याकडे नोकरीला होतं! रेकॉर्ड कंपनीनं मात्र पहिल्या अल्बमवर ‘पीटर ग्रीनचा’ हे शब्द चढवलेच. पुढे फ्लीटवुडनं सांगितलं की असं नाव का, हे विचारल्यावर ग्रीन म्हणाला होता, मी कधीतरी निघून जाईन, तेव्हा तुम्हा दोघांकडे काहीतरी असावं.

हा ग्रीन मूळचा ग्रीनबाउम. जन्म २९ ऑक्टोबर १९४६चा, लंडनच्या पूर्व भागातल्या बेथनल ग्रीनमधल्या ज्यू कुटुंबातला. आडनावाची शेपटी घरच्यांनीच कापली. ज्यू असल्यावरून शाळकरी वयात त्याला चिडवलं गेलं, ते त्यानं पुढे सांगितलंय. अलिबागच्या इस्राएल आळीत वाढलेल्या माझ्या मित्राला मी हे सांगितलं तेव्हा तो हसला. आमच्या किनाऱ्यावरच्या बेने इस्राएलांनी नावं लपवली नाहीत, गावांचीच आडनावं घेतली: पेणकर, किहीमकर, चेऊलकर. नवगावला गलबत फुटून सात जोडपी किनाऱ्याला लागली ही त्यांची कथा, आणि तेलाचे घाणे शनिवारी बंद म्हणून ‘शनिवार तेली’ हे लोकांनी दिलेलं नाव. नावात माणूस किती असतो आणि गाव किती, हा प्रश्न इथे कुणाला नवा नाही.

शाळा सुटल्यावर ग्रीन काही काळ खाटकाच्या दुकानात उमेदवारी करत होता आणि उरलेल्या वेळात ब्लूज वाजवत होता. ब्लूज म्हणजे काय हे आपल्या कानाला समजावून द्यायला एक सोपी वाट आहे. धानी राग घ्या: सा, कोमल ग, म, प, कोमल नी. ब्लूजचा पाच सुरांचा सांगाडा हाच. फरक गंधारात आहे. मिसिसिपीच्या कापसाच्या शेतांतून आलेल्या गायकांचा गंधार ना धड कोमल, ना धड शुद्ध. तो दोन्हींच्या मध्ये कुठेतरी लागतो आणि लागल्यावरही स्थिर राहत नाही. पियानोवर तो नाही, कारण पियानोला दोन पट्ट्यांच्या मध्ये जागाच नाही. गिटारवर आहे. तार पडद्यावर दाबून बोटानं आडवी ढकलली की सूर वर सरकतो. सतारिया मींड काढतो तेच हे, फक्त इथे तार जाड आणि आवाज विजेवर मोठा केलेला.

तालाचं म्हणाल तर चार-चार मात्रांचे बारा खण, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचं आवर्तन. पहिले चार खण षड्जाच्या घरात, मग दोन मध्यमाच्या, दोन परत घरी, मग पंचम, मध्यम आणि पुन्हा घरी. गाणाऱ्याची ओळ एकदा येते, तीच पुन्हा येते, आणि तिसरी ओळ त्याला उत्तर देते. जात्यावर बसलेली बाई पहिली ओळ घोळवते ती काही शब्द कमी पडले म्हणून नव्हे. घोळवण्यात दुःखाला वजन येतं, आणि पुढची ओळ सुचायला एक फेराही मिळतो. दोन ओळींच्या मधल्या मोकळ्या जागेत गिटार बोलते. सगळा ब्लूज त्या जागेत आहे असं मला वाटतं, आणि पीटर ग्रीनचं मोठेपण हे की त्यानं ती जागा कधीही भरून टाकली नाही.

१९६६ साली क्लॅप्टन जॉन मेयॉलचा बँड सोडून गेला आणि त्याच्या जागी ग्रीन आला. निर्माता माइक व्हर्नन स्टुडिओत आला, क्लॅप्टन दिसेना म्हणून चक्रावला, आणि मेयॉलनं शांतपणे सांगितलं की त्याच्यापेक्षा सरस माणूस मिळालाय. हा किस्सा आता इतक्यांदा सांगून झालाय की त्याच्या कडा गुळगुळीत झाल्यात. पण १९६७चा ‘अ हार्ड रोड’ अल्बम ऐकला की मेयॉल बढाया मारत नव्हता हे कळतं. त्यात ‘द सुपरनॅचरल’ नावाची ग्रीनची एक धून आहे. त्यात तो एकेक सूर अ‍ॅम्प्लिफायरच्या घुमाऱ्यावर असा ताणून धरतो की श्वास आपला संपतो. बाकीचे तरुण तेव्हा दर सेकंदाला किती सूर बसवता येतात याच्या शर्यतीत होते. खुद्द बी. बी. किंगनं ग्रीनच्या सुराला सर्वांत गोड म्हटलं, आणि या पोरानं आपल्याला घाम फोडला अशी कबुलीही दिली. ज्याची नक्कल करत अख्खी पिढी शिकली, त्याच्या तोंडचं हे.

नव्या बँडमध्ये दुसरा गिटारवादक होता जेरेमी स्पेन्सर. उंचीनं लहान, वय एकोणीस, आणि वेड एकाच माणसाचं: शिकागोच्या एल्मोर जेम्सचं. बोटात नळी घालून ती तारांवरून सरकवत वाजवायचं ते स्लाइड. आपल्या पिढीनं रेडिओवर व्हॅन शिपलीची सिनेमातली गाणी ऐकली, ती हवाईयन गिटार याच कुळातली. आडवी ठेवून पोलादी कांडीनं वाजवायची. फक्त शिपलीच्या हातात ती गळा होते, आणि एल्मोर जेम्सच्या हातात करवत. स्पेन्सर एल्मोरची गाणी इतकी हुबेहूब वाजवायचा की त्यातून बाहेर यायचंच नाव घेईना. रंगमंचावर मात्र धमाल. एल्व्हिसची नक्कल, चावट विनोद, आणि हॉटेलच्या खोलीत परतला की कोटाच्या अस्तरात शिवलेलं छोटं बायबल वाचत बसलेला. दोन्ही स्पेन्सर खरे होते. लोकांना दिसायचा तो एकच.

एल्मोर सोडून स्पेन्सर फारसं काही वाजवत नाही, मग ग्रीनच्या गाण्यांना साथ करायची कुणी? १९६८च्या ऑगस्टमध्ये तिसरा आला: डॅनी कर्वन, वय अठरा, ब्रिक्स्टनचा. ग्रीननं आधी या पोराला स्वतःचा बँड उभारून द्यायचा प्रयत्न केला होता, जाहिरात देऊन साथीदारही पाहिले. मनासारखे मिळेनात, तेव्हा त्याला आपल्यातच घेतला. कर्वनच्या डाव्या हाताची थरथर ऐकून ओळखता येते. सूर लावल्यावर तो त्याला असा हलवतो की जणू थंडीनं काकडतोय. ‘अल्बाट्रॉस’मधली ती दुसरी, शेजारून चालणारी गिटार त्याची. स्पेन्सर त्या धुनीत नाहीच. हे गाणं जानेवारी १९६९मध्ये इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेलं, आणि एवढ्या मोठ्या कारकिर्दीत या बँडचं तिथे पहिल्या क्रमांकावर गेलेलं सिंगल हेच एक. बीटल्सच्या ‘सन किंग’वर याची सावली आहे; जॉर्ज हॅरिसननं ते मान्य केलंय.

त्याच महिन्यात ही पोरं शिकागोच्या चेस स्टुडिओत होती. ज्यांच्या रेकॉर्डी झिजवत ती शिकली ते विली डिक्सन, ओटिस स्पॅन, वॉल्टर हॉर्टन, हनीबॉय एडवर्ड्स समोर बसलेले. स्पेन्सरच्या बाजूला सॅक्सोफोनवर जे. टी. ब्राउन, म्हणजे खुद्द एल्मोर जेम्सबरोबर वाजवलेला माणूस. एल्मोर मरून साडेपाच वर्षं झाली होती. स्पेन्सरला याहून जवळ जाता येणार नव्हतं. त्या खोलीत आणखी एक गिटारवादक होता. त्याचं दुसऱ्या कंपनीशी कंत्राट असल्यानं वेष्टनावर नाव उलटं करून ‘गिटार बडी’ छापलं. तो बडी गाय. २०११ साली वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत महिंद्र ब्लूज महोत्सव सुरू झाला तेव्हा पहिल्याच वर्षी तो येऊन वाजवून गेला. चेसच्या त्या खोलीपासून वांद्र्यापर्यंत एका माणसाच्या दोन हातांचं अंतर, असं मी तेव्हा मित्रांना सांगत सुटलो होतो, आणि मित्र ओळखीचं हसत होते.

मुंबईतही त्या काळात ही हवा होतीच. षण्मुखानंद सभागृहात सिमला बीट नावाची बँडची स्पर्धा व्हायची, सिगारेट कंपनीच्या पैशांवर. १९७० आणि ७१च्या स्पर्धकांच्या तबकड्याही निघाल्या. त्याच वातावरणातला गायक नंदू भेंडे, आत्माराम भेंड्यांचा मुलगा, पुढे पुलंच्या ‘तीन पैशाचा तमाशा’त रॉकचा आवाज घेऊन आला. मराठी प्रेक्षकाला विजेवरची गिटार नाट्यगृहात पहिल्यांदा भेटली ती बहुधा तिथेच.

परत ग्रीनकडे. १९६८ ते ७० या दोन-अडीच वर्षांत त्यानं जे लिहिलं त्याचा पसारा बघा. ‘ब्लॅक मॅजिक वुमन’ त्याचं. ते त्याच्या देशात सदतिसाव्या क्रमांकावर थांबलं आणि १९७०मध्ये कार्लोस सांतानानं घेतल्यावर जगभर गेलं. अनेकांना ते मूळचं सांतानाचंच वाटतं. ‘मॅन ऑफ द वर्ल्ड’ हे सगळं मिळालेल्या माणसाच्या एकटेपणाचं गाणं, इतक्या हळू आवाजात म्हटलेलं की गाजलेलं गाणं वाटूच नये. ‘ओह वेल’मध्ये आधी दणदणीत रॉक आणि मग स्पॅनिश गिटार, चेलो, बासरीसारखी वाद्यं घेऊन जाणारा लांब, रिकामा माळ. दोन्ही गाणी दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. बारा खणांचा ब्लूज तोवर मागे पडत चालला होता. १९६९च्या ‘देन प्ले ऑन’मध्ये तर ग्रीन त्या घराचा नुसता उंबरठा वापरतो.

पैसा येऊ लागला आणि ग्रीनला तो टोचू लागला. आफ्रिकेत बियाफ्रातल्या उपाशी मुलांची चित्रं टीव्हीवर दिसत होती. त्यानं बँडपुढे प्रस्ताव ठेवला: जगण्यापुरतं ठेवू, बाकी देऊन टाकू. बाकीच्यांनी मान डोलावली नाही. त्यांना दोष देववत नाही. कुठल्याही पार्टीत हा प्रस्ताव मांडून बघावा. अंगात लांब पांढरा झगा, गळ्यात क्रूस असा तो वाजवायला उभा राहू लागला. मे १९७०मध्ये निघालेलं ‘द ग्रीन मनालिशी’ हे या बँडबरोबरचं त्याचं शेवटचं गाणं. त्यातला हिरवा राक्षस म्हणजे पैसा, असं त्यानंच सांगितलं. स्वप्नात हिरवं कुत्रं भुंकत आलं आणि जाग आल्यावर गाणं लिहिलं. गाण्याच्या शेवटी तो शब्द सोडून नुसता कण्हतो. रात्री लाँचवर मी ते कधीच लावत नाही.

त्याआधी मार्चमध्ये म्युनिकमध्ये एका श्रीमंत तरुणांच्या कम्यूनमध्ये तो गेला, तिथे एलएसडी घेतलं, आणि परत आला तो पूर्वीचा ग्रीन नव्हता, असं फ्लीटवुड आणि मंडळी आयुष्यभर सांगत आली. एका रात्रीवर सगळं टाकणं सोयीचं असतं. गोष्टीला खलनायक मिळतो. पण ग्रीनला जडलेला स्किझोफ्रेनिया पुरुषांत बहुधा विशीच्या आसपास डोकं वर काढतो, आणि ग्रीनच्या आधीच्या गाण्यांतून तो एकटेपणा ऐकू येतोच. अमली पदार्थांनी धक्का दिला असेल. जमीन आधीच भुसभुशीत असावी. आणि आजारानं त्याला थोर केलं ही जी दुसरी लाडकी समजूत आहे, ती तर ऐकवत नाही. आजारानं त्याला वाजवायचं बंद केलं. मेमध्ये तो बँडमधून गेला. सत्तरच्या दशकात त्याला विजेचे झटके दिले गेले. मधल्या काळात त्यानं कबरी खणल्या, इस्पितळात हमाली केली. १९७७ साली रॉयल्टीच्या पैशांवरून हिशेबनिसाला बंदुकीची धमकी दिल्याबद्दल त्याला अटक झाली. पैसे मिळत नाहीत म्हणून नव्हे, तर पैसे पाठवू नका म्हणून, अशी ती कथा सांगितली जाते.

ग्रीन गेल्यावर स्पेन्सर नेता व्हायला हवा होता. तो नकलाकार होता, नेता नव्हे. त्याला ते ओझं झेपेना. फेब्रुवारी १९७१मध्ये बँड लॉस एंजेलिसला पोचला. काही दिवसांपूर्वीच तिथे मोठा भूकंप झाला होता, आणि स्पेन्सरला तिकडे जाण्याची आधीपासूनच धास्ती होती. हॉटेलातून तो ‘पुस्तकाच्या दुकानात जाऊन येतो’ म्हणून निघाला आणि संध्याकाळचा कार्यक्रम आला तरी परतला नाही. पोलिसांत वर्दी गेली, रेडिओवर आवाहनं झाली. चार-पाच दिवसांनी तो सापडला ‘चिल्ड्रन ऑफ गॉड’ या पंथाच्या गोदामात, केस कापलेला, नवं नाव घेतलेला. परत यायचं नाही म्हणाला. बायबल अस्तरातून बाहेर आलं होतं, इतकंच म्हणावं तर तेही पुरेसं नाही. हा पंथ पुढे लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आरोपांनी जगभर बदनाम झाला. स्पेन्सरनं त्यातच आयुष्याची अनेक दशकं काढली, आणि वाजवणंही पूर्ण सोडलं नाही. नव्वदच्या दशकात तो भारतातही आला. १९९८च्या इथल्या मैफलींचा त्याचा अल्बम आहे. आणि १९७१चा तो अर्धवट दौरा पुरा कुणी केला? ग्रीननं. फोन गेल्यावर तो विमानानं आला, गाणी धड न वाजवता ‘ब्लॅक मॅजिक वुमन’चा तासभर विस्तार करत राहिला, आणि दौरा संपताच पुन्हा गेला.

उरला कर्वन. ‘बेअर ट्रीज’ हा १९७२चा अल्बम मुख्यतः त्याच्या खांद्यावर आहे आणि मला तो ‘रूमर्स’पेक्षा जवळचा वाटतो. पण दारू होती, रंगमंचाची भीती होती, आणि मोठे दोघे गेल्यावर मागे उरलेल्या धाकट्याची घुसमट होती. त्या ऑगस्टमध्ये कार्यक्रमाआधी गिटार सुरात लावण्यावरून वाद झाला. त्यानं डोकं भिंतीवर आपटलं, गिटार फोडली, आणि वाजवायला नकार देऊन ध्वनिव्यवस्थेच्या टेबलाजवळ उभं राहून इतरांची तारांबळ पाहिली. त्याला काढून टाकण्यात आलं. तीन एकल अल्बम निघाले, ते कुणी घेतले नाहीत. पुढची कितीतरी वर्षं तो लंडनच्या बेघरांच्या आश्रयगृहांत होता. ८ जून २०१८ला तो गेला. तिघांत सर्वांत कमी बोललं जातं ते त्याच्याविषयी, आणि ‘अल्बाट्रॉस’ची दुसरी गिटार काढून टाकली तर काय उरतं हे ऐकायची सोय नाही.

यानंतरही फ्लीटवुड आणि मॅकव्ही थांबले नाहीत. गिटारवादक येत राहिले, जात राहिले. एकाला तर फ्लीटवुडच्या बायकोशी जवळीक झाल्यावरून काढलं. १९७४च्या अखेरीस बकिंगहॅम आणि निक्स आले आणि पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे. ढोल आणि बास तेच. नावही तेच, कारण ते मुळातच त्यांचं होतं.

ग्रीनच्या गिटारीची गोष्ट मात्र सांगायला हवी. १९५९ची गिब्सन लेस पॉल. अशा गिटारीला दोन पिकअप असतात, एक गळ्याजवळ, एक पुलाजवळ. तारेचं कंपन पकडणारी लोहचुंबकं. ग्रीनच्या गिटारीत गळ्याकडचं चुंबक उलट्या दिशेनं बसलेलं होतं. एकेकटी वाजवली तर काही फरक नाही. दोन्ही एकत्र चालू केली की एकाचा धक्का पुढे तर दुसऱ्याचा मागे. झोपाळ्याला दोघांनी समोरासमोरून ढकलावं तसं. खर्जाचा मोठा भाग एकमेकांत जिरून जातो आणि उरतो तो पातळ, नाकातला, पोकळ आवाज, बंद खोलीच्या पलीकडून हाक आल्यासारखा. दुरुस्तीवाल्यानं बघितलं असतं तर बिघाड म्हणून सरळ करून दिला असता. कित्येकांनी पुढे आपापल्या गिटारींची चुंबकं मुद्दाम उलटी बसवून घेतली.

बँड सोडल्यावर ग्रीननं ही गिटार गॅरी मूर नावाच्या आयरिश पोराला दिली. त्याची किंमत त्या पोरानं स्वतःची गिटार विकून जे येईल तेवढीच, शंभर-दीडशे पौंडांच्या आसपास. तिची आज कोटींत मोजणी होते. मूरनं ती तीसेक वर्षं वाजवली, १९९५मध्ये ग्रीनच्याच गाण्यांचा अल्बम तिच्यावर केला. २०१४पासून ती मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. ग्रीन स्वतः १९९६च्या सुमारास पुन्हा वाजवू लागला होता, जाडजूड, सावकाश, आधीचा वेग नसलेला. लोक हळहळत, आणि तरी ऐकायला जात. २५ जुलै २०२०ला तो झोपेतच गेला.

त्याच्या पाच महिने आधी, २५ फेब्रुवारीला, लंडनच्या पॅलेडियममध्ये मिक फ्लीटवुडनं त्याच्या गाण्यांची रात्र ठेवली. ग्रीन मंचावर नव्हता. ती गिटार होती; हॅमेटनं तिच्यावर ‘मनालिशी’ वाजवलं. मग रोलिंग स्टोन्सचा जुना बासवादक बिल वायमन येऊन बसला आणि त्याच्याबरोबर एक बारीकसा, पांढऱ्या केसांचा, एकाहत्तर वर्षांचा माणूस. त्यानं बोटात नळी चढवली आणि एल्मोर जेम्स वाजवायला लागला, पूर्वीपेक्षा मऊ, करवतीची धार गेलेला. पुस्तकाच्या दुकानात जाऊन येतो म्हणून १९७१च्या फेब्रुवारीत निघालेला जेरेमी स्पेन्सर. मागे ड्रमवर फ्लीटवुडच होता.